घर पडलं तर काय करायचं: बेळगाव सीमाभागातल्या कुटुंबांसाठी पहिल्या तासापासून पुढचं सगळं

आमच्या सोप्याची, म्हणजे घराच्या पुढच्या भागाची, भिंत जुलैमधल्या एका पहाटे पडली. खानापूर तालुक्यात दहा-बारा दिवस पाऊस धरून बसला होता. रात्री आईला भिंतीतून काहीतरी गळल्यासारखं ऐकू आलं. तिला वाटलं, उंदीर असेल. कोनाड्याखाली चाळणीतून पडावी तशी बारीक मातीची रास साठली होती, पण ती आम्हाला दिसली भिंत पडल्यावर, बॅटरीच्या उजेडात. सगळे माजघरात झोपले होते म्हणून कुणाला लागलं नाही.

आणि मग आम्ही जी चूक केली, तीच चूक त्यानंतर मी घरोघरी बघत आलोय. काका, शेजारचे दोघे आणि गल्लीतली पोरं फावडी-बुट्ट्या घेऊन आली. दुपारपर्यंत माती उचलून परसात टाकली, सोपा झाडला, मोडके वासे रचून ठेवले. तीन वाजता पाहणीला माणूस आला तेव्हा घर स्वच्छ होतं. पडलेलं नेमकं किती, हे त्यांना दिसलंच नाही. कागदावर नोंद झाली ‘भागशः’. त्यांचा त्यात दोष नव्हता.

तेव्हापासून गावात कुणाचं घर पडलं, जळलं, झाड कोसळलं की मी अर्ज लिहायला जाऊन बसतो. हा लेख लिहायचं कारण एवढंच, की या विषयावर मराठीत जे वाचायला मिळतं ते जवळजवळ सगळं महाराष्ट्रासाठी असतं. त्यात सात-बारा असतो, ग्रामसेवक असतो, महावितरणचा नंबर असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हल्याळ, जोयडा, कारवार इथल्या माणसाला त्यातलं अर्धं लागू होत नाही. आपली कचेरी वेगळी, कागदाचं नाव वेगळं, भाषाही वेगळी.

पहिला तास: माणसं, वीज, गॅस

भिंत किंवा छप्पर पडल्याबरोबर घरातली माणसं मोजा. मोठ्याने नावं घेऊन मोजा, कारण गोंधळात ‘सगळे आहेत’ असं कुणीतरी म्हणतं आणि आजोबा मागच्या खोलीत राहिलेले असतात. कुणी अडकलं असेल तर ११२ ला फोन करा, जखमी असेल तर १०८, आग असेल तर १०१. माणूस किंवा जनावर ढिगाऱ्याखाली असेल तर फोटो, पंचनामा, कागद हे सगळं विसरा. पण ढिगारा उपसताना वरून खाली उपसा. खालचा वासा ओढून काढला की वरचं सगळं घसरतं.

माणसं बाहेर आली की त्यांना उरलेल्या भिंतीपासून लांब उभं करा. किती लांब? भिंत जेवढी उंच, निदान त्याच्या दीडपट. ओल्या मातीच्या घरात एक भिंत पडली म्हणजे दुसरीही पडायच्या बेतात असते असंच धरून चाला.

मग वीज. मेन स्विच कोरड्या जागी असेल आणि तिथं जायला पाण्यातून किंवा ढिगाऱ्यावरून जावं लागत नसेल, तरच तो बंद करा. नाहीतर हात लावू नका, हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीच्या, १९१२ वर फोन करा आणि गावातल्या लाइनमनला बोलवा. पत्र्याच्या घरांना वेगळा धोका आहे. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर तुटून पत्र्यावर पडली तर अख्ख्या छपराला करंट येतो, आणि त्याला लागून असलेल्या लोखंडी दारालाही. अशा वेळी दार उघडायला जाणारा पहिला माणूसच सापडतो.

इन्व्हर्टर हमखास विसरला जातो. बाहेरून वीज तोडली तरी तो घरातल्या वायरींना वीज देत राहतो. त्याचाही स्विच बंद करा.

गॅसचा वास येत असेल तर कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. हा गळतीसाठीचा देशभराचा नंबर आहे आणि कुठल्याही कंपनीच्या सिलिंडरला चालतो.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल एक सांगतो. आमची आजी दोनदा आत जायला निघाली. तिची पत्र्याची ट्रंक आत होती, त्यात लुगडी, आजोबांचा एक फोटो आणि थोडं सोनं. तिला ‘जाऊ नको’ म्हणून भागलं नाही. शेवटी बहिणीने तिच्याजवळ बसून आतल्या एकेका वस्तूची यादी लिहून घेतली, कुठली कुठं आहे हेही विचारलं. यादी लिहून होईपर्यंत आजी शांत झाली आणि तीच यादी पुढं अर्जाला जोडता आली. तुमच्याकडं असं कुणी असेल तर त्यांच्या हाताला हे काम द्या. त्या वस्तू काढायला नंतर एकच धडधाकट माणूस, टेकू लागल्यावर, दिवसाउजेडी जाईल.

उचलण्याआधी दाखवा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सावकाश सांगतो. रस्ता अडला असेल किंवा कुणी अडकलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी एक बुट्टी माती हलवण्याआधी फोटो काढा.

बाहेरून चारी बाजूंनी काढा, आणि प्रत्येक फोटोत शेजारचं घर, देऊळ, विजेचा खांब असं काहीतरी ओळखीचं येऊ द्या. नुसता ढिगाऱ्याचा फोटो कुणाच्याही घराचा असू शकतो. घराच्या नंबराची पाटी असेल तर तिचा वेगळा फोटो. पडलेल्या भागाच्या बाजूला, उरलेल्या भिंतीपासून लांबच, घरातला एक माणूस उभा करून एक फोटो काढा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो आणि घर कुणाचं हेही कळतं. फोटोवर तारीख, वेळ आणि ठिकाण छापणारी जीपीएस कॅमेऱ्याची ॲप फुकट मिळतात, ती वापरा.

नंतर दारापासून आत दिसेल तेवढ्याचा एक सलग व्हिडिओ घ्या, बोलत बोलत: आज तारीख अमुक, हे आमचं घर, ही सोप्याची भिंत, इतके फूट लांब, इथला आढा मोडलाय. आत जायचं नाही, उंबऱ्याबाहेरूनच. हे सगळं लगेच बाहेरगावच्या एखाद्या नातेवाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. फोन भिजतात, हरवतात.

मोजमापासाठी टेप नसली तर काठी किंवा दोरी चालेल. पडलेल्या भिंतीची लांबी, उंची, जाडी लिहा. छपराचा किती भाग बसला ते लिहा, मोडलेले वासे आणि फुटलेली कौलं मोजा. भिजलेलं धान्य, गाद्या, टीव्ही, मिक्सर, मुलांची पुस्तकं यांचाही फोटो काढा आणि पाहणी होईपर्यंत फेकू नका. भिजलेले तांदूळ वास मारायला लागतात हे खरं, पण पोतं घराबाहेर एका बाजूला ठेवता येतं.

पाऊस चालूच असेल तर ताडपत्री टाका. उरलेलं वाचवण्यासाठी जे करावं लागतं ते करायला कुणाचीच हरकत नसते, ना कचेरीची ना विमा कंपनीची. फक्त ताडपत्रीची, दोरीची पावती ठेवा.

उरलेल्या भिंतीला टेकू

हे काम गवंड्याचं किंवा सुताराचं. पण ते बरोबर चाललंय का, हे तुम्हाला कळायला हवं.

भिंतीला थेट बांबू लावला तर ओल्या मातीत तो घुसतो आणि टेकूचा उपयोगच होत नाही. आधी भिंतीला उभी फळी लावायची, तिरका टेकू त्या फळीला लावायचा, खाली जमिनीवरही फळी ठेवून तिच्यामागं खुंटी ठोकायची आणि पाचर मारायची. पाचर हळूहळू मारतात. घण घालून मारली तर त्याच धक्क्याने भिंत जाते. छपराचं वजन ज्या तुळईवर आहे, तिच्याखाली उभे खांब आधी द्या, मग भिंतीकडं वळा.

ओळंबा सोडून बघा. भिंतीला मधेच पोट आलं असेल, दार अचानक घासायला लागलं असेल, गिलाव्याचे पापुद्रे सुटत असतील, माती गळत असेल, तर त्या खोलीत झोपू नका. पाऊस उघडला म्हणून धोका टळत नाही. भिंतीने प्यायलेलं पाणी आत बरेच दिवस राहतं, आणि ऊन पडल्यावर दोन-तीन दिवसांनी पडलेल्या भिंती मी स्वतः पाहिल्यात.

तडे वाढताहेत का हे बघायची सोपी रीत: तडा जिथं संपतो तिथं पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. चार दिवसांनी तडा रेघेच्या पुढं गेला की समजायचं.

छताचे जुने सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर ते कोरडे झाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसते. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून उचला.

कळवायचं कुणाला: तलाठी, पंचायत आणि ‘महजर’

आपण अजून ‘तलाठी’ म्हणतो, त्याला कन्नडमध्ये पूर्वी ‘ग्राम लेक्किग’ म्हणत, आता कागदावर ‘ग्राम आडळित अधिकारी’ असं असतं. त्याच्या वरचा सर्कल म्हणजे ‘कंदाय निरीक्षक’. पंचायतीत पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. आणि आपण ज्याला पंचनामा म्हणतो, तो इथं ‘महजर’. हे चार शब्द पाठ असले की निम्मी घाबरगुंडी जाते.

त्याच दिवशी तलाठ्याला फोन करा, आणि फोनवर थांबू नका. एक अर्ज तहसीलदारांच्या नावे नाडकचेरीत (तहसीलच्या खालची महसूल कचेरी) किंवा तहसील कचेरीत, त्याचीच प्रत ग्रामपंचायतीच्या पीडीओंना. शहरात असाल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा पट्टण पंचायतीतही एक प्रत द्या. मोठा पूर, वादळ असं काही असेल तर १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर आहे, तिथं नोंद करून वेळ लिहून ठेवा. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. कन्नडमध्ये याला ‘स्वीकृती’ म्हणतात. ‘अर्ज ठेवून जा’ म्हणाले तर नम्रपणे थांबा. शिक्का नसलेला अर्ज पुढं कुणीही नाकारू शकतो.

अर्ज कन्नडमध्ये द्या, असंच मी सगळ्यांना सांगतो. मराठीतून कागद मिळण्याचा आपला हक्क आणि त्यासाठीची लढाई आपल्या जागी आहे, ती मलाही प्रिय आहे. पण डोक्यावर छप्पर नसताना अर्ज भाषेपायी एका टेबलावर आठवडाभर पडून राहणं परवडत नाही. मराठीत मजकूर तयार करा, कन्नड येणाऱ्याकडून लिहून घ्या, मराठी प्रत स्वतःकडं ठेवा. मजकूर चार-सहा ओळींचा पुरे:

“अमुक गावातलं घर नंबर अमुक हे आमचं राहतं घर आहे. दिनांक अमुक रोजी पहाटे ४ वाजता संततधार पावसाने घराची पश्चिमेची १८ फूट लांब व ९ फूट उंच मातीची भिंत आणि तिच्यावरचं कौलारू छप्पर कोसळलं. घरात ६ माणसं राहतात. उरलेली भिंतही राहण्यास धोकादायक आहे. धान्य, कपडे, भांडी यांचं नुकसान झालं असून यादी व फोटो जोडले आहेत. स्थळ पाहणी करून महजर करावा आणि नियमाप्रमाणे परिहार (भरपाई) मिळावा.”

तोंडी सांगायची वेळ आली तर हे एवढं पुरतं: ‘नम्म मनेय गोडे मळेयिंद कुसिदु बिद्दिदे’, म्हणजे आमच्या घराची भिंत पावसाने कोसळली आहे. आणि शेवटी, ‘महजर प्रति कोडि’, महजराची प्रत द्या.

नावाचं स्पेलिंग ही सीमाभागातली खास अडचण. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, पासबुकावर तिसरं, कन्नडमध्ये लिहिताना चौथं. अर्जातलं नाव आधारवर कन्नडमध्ये जसं छापलंय अगदी तसंच लिहा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे त्याच आठवड्यात बँकेत जाऊन विचारा. मंजूर झालेले पैसे खात्यावर न येण्याचं कारण बहुतेकदा इथंच सापडतं.

पाहणीला साधारणपणे महसूल खात्याचा माणूस, पंचायतीचा माणूस आणि नुकसानीचा अंदाज काढणारा इंजिनियर येतो. त्या वेळी घरातला जाणता माणूस आणि दोन शेजारी हजर ठेवा. महजर कन्नडमध्ये लिहिला जाईल, आणि तुमची सही मागितली जाईल. न वाचता सही करू नका. घरात कन्नड वाचणारं पोर असतंच, मराठी शाळेतली मुलंही कन्नड शिकतात. त्याला मोठ्याने वाचायला लावा, कुणी रागवत नाही. बघायचं काय? तारीख, घर नंबर, भिंतीची मापं, कारण, राहणाऱ्यांची नावं. आणि ‘संपूर्ण’ की ‘भागशः’. हे दोन्ही शब्द आपल्याला कन्नड न येताही कळतात, आणि सगळा पैसा या दोन शब्दांवर ठरतो. मनाजोगतं नसेल तर भांडू नका, ‘उरलेल्या भिंतीला पोट आलंय, आत राहता येत नाही, तेही लिहा’ असं सांगा आणि सही करायच्या आधी महजराचा फोटो काढून घ्या.

किती मिळतं

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने आपत्ती मदतीचे जे दर ठरवले, त्यात सपाटीच्या भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, डोंगराळ भागात १,३०,००० रुपये आहेत. भागशः पडझडीला नुकसान किमान १५ टक्के असावं लागतं, आणि तेव्हा पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० रुपये, घराला जोडलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा पाण्यात बुडालं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्याकुंड्यांसाठी २,५०० रुपये कुटुंबामागं. म्हणजे ‘संपूर्ण’ आणि ‘भागशः’ यात लाखाचा फरक पडतो, आणि म्हणूनच वर फोटोंवर मी इतकं लिहिलं.

राज्य सरकार मोठ्या आपत्तीत यावर भर घालतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, वेदगंगा, दूधगंगा एकदम फुगल्या तेव्हा घरांची ए, बी, सी अशी वर्गवारी झाली. पूर्ण गेलेल्या घराला ५ लाख रुपयांपर्यंत आणि सी वर्गाला ५०,००० रुपये असा निर्णय झाला. त्या वर्षी कागदावरच्या एका अक्षराने घरं उभी राहिली किंवा राहिली नाहीत. अशी घरबांधणीची रक्कम हप्त्यांनी येते. जोतं, भिंत, छप्पर, प्रत्येक टप्प्याचा फोटो चढवला की पुढचा हप्ता. म्हणून मंजुरीचा कागद हातात येण्याआधी उरलेलं घर पाडून नवा पाया खोदू नका.

सहा हजारांसाठी कशाला कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या, असं मला अनेकजण विचारतात. पैसे थोडे आहेत हे मान्य. पण पडझडीची सरकारी नोंद पुढं घरकुलाच्या अर्जाला, विम्याला, बँकेला, भावाभावांच्या वाटणीलाही लागते. नोंद करून ठेवाच.

महिनाभरात हालचाल झाली नाही तर उपविभागाधिकाऱ्यांकडं जा. बेळगाव जिल्ह्यात बेळगाव, चिकोडी आणि बैलहोंगल असे तीन उपविभाग आहेत. त्यांच्यावर जिल्हाधिकारी. माहिती अधिकारात १० रुपये भरून ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा. कर्नाटकात हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस.

आग, गॅस, झाड आणि उसाची ट्रॉली

प्रत्येकाचा रस्ता थोडा वेगळा आहे.

आगीत अग्निशामक दलाचा दाखला आणि पोलिसातली नोंद लागते. दोन्ही मागून घ्या, आपोआप घरी येत नाहीत. सिलिंडरमुळे आग लागली असेल तर वितरकाला लगेच लेखी कळवा. तेल कंपन्यांनी घेतलेल्या विम्यात, नोंदणी असलेल्या पत्त्यावरच्या अपघातात मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेत जास्तीत जास्त २ लाख रुपये आणि मृत्यू झाल्यास माणसामागं ६ लाख रुपये आहेत. ग्राहकाला यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही, आणि म्हणूनच बऱ्याच घरांना हे ठाऊकच नसतं. कनेक्शन एका पत्त्यावर आणि सिलिंडर दुसऱ्या घरात, असं असेल तर मात्र अडचण येते. वाटणी झाल्यावर पत्ता बदलून घ्या.

झाड पडलं तर तोडायच्या आधी फोटो काढा, हे आलंच. साग, शिसव असलं काही असेल तर लाकूड हलवण्याआधी वन खात्याला कळवा, नाहीतर नुकसान तुमचं आणि चौकशीही तुमचीच.

गळिताच्या हंगामात चिकोडी, निपाणी, अथणीकडच्या गल्ल्यांतून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात आणि वळणावर घराचा कोपरा घेऊन जातात. बहुतेक वेळा तिथंच पाच-दहा हजारांवर मिटवतात. मिटवायला माझी ना नाही, गावात राहायचं असतं. पण गवंड्याकडून किंवा इंजिनियरकडून खर्चाचा अंदाज लिहून घेतल्याशिवाय आकडा बोलू नका. कोपरा पडला म्हणजे आतली तुळईही सरकलेली असू शकते, ते दोन महिन्यांनी कळतं. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचे नंबर, चालकाचं लायसन, विम्याची प्रत यांचे फोटो घ्या आणि पोलिसात नोंद करा. मिटलं नाही तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा करता येतो. तो ६ महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो.

विमा असेल तर, आणि असू शकतो

घरावर कर्ज घेतलं असेल तर कर्जाची फाइल उघडून बघा. बँकेने घराचा विमा उतरवून हप्ता तुमच्याच खात्यातून घेतलेला असतो आणि घरात कुणाला आठवत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी विमा कंपन्या देतात. आग, वीज पडणं, वादळ, पूर, दरड, झाड पडणं, गाडी धडकणं हे तिच्यात येतं. घराच्या विम्याबरोबर आतल्या सामानालाही रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप असतं. लगेच कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत मोडकं काही विकू नका.

जुन्या घराच्या बाबतीत ‘भिंत वयाने पडली, पावसाने नाही’ असं उत्तर येऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे पावसाचा आकडा. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीपर्यंत बसवलेली आहेत. त्या दिवसांची तुमच्या पंचायतीची नोंद मागून जोडा. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपालाकडं एका वर्षाच्या आत फुकट तक्रार करता येते, कर्नाटकासाठी ते कार्यालय बेंगळुरूत आहे.

घर अजून आजोबांच्या नावावर

हे दहातल्या सात-आठ घरांत असतं, असं माझ्या अनुभवाने म्हणतो. उतारा आजोबांच्या नावावर, राहतो एक भाऊ, एक पुण्यात, आत्या गडहिंग्लजला. पडलेल्या घराचा प्रश्न मग वाटणीचा प्रश्न होऊन बसतो.

अर्ज राहणाऱ्याने स्वतःच्या नावाने करावा आणि महजरात ‘प्रत्यक्ष राहणारे’ म्हणून घरातल्या सगळ्यांची नावं घ्यावीत. सोबत घरपट्टीची पावती, वीजबिल, रेशनकार्ड. नाडकचेरीतून ‘वंशवृक्ष’ काढा, आपल्याकडची वंशावळ. बाकीच्या वारसांकडून एका स्टँपपेपरवर संमती घ्या, आणि तीत स्पष्ट लिहा की ही संमती फक्त मदतीची रक्कम घेऊन घर दुरुस्त करण्यापुरती आहे, कुणाचा हिस्सा यात सुटत नाही. हे एक वाक्य असलं की आत्याही सही करते. भीती हिस्सा जायची असते, मदत मिळण्याला कुणाचाच विरोध नसतो.

त्यानंतर सवडीने पंचायतीत वारसा लावून ई-स्वत्तूचे (पंचायतीतल्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे) नमुना ९ आणि ११ काढून घ्या. ते पावसाळ्यापूर्वी.

पुन्हा बांधताना

घाई करू नका. दसरा-दिवाळीपर्यंत जमीन ओली असते, पाया खोदला की कडा ढासळतात. तोपर्यंत पत्रा मारून भागवा.

जुन्या मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ती पक्की झाली असं सगळ्यांना वाटतं. आमच्याही सोप्याला केला होता. सिमेंटच्या बारीक तड्यांतून पाणी आत जातं, पण बाहेर सुकून निघायला वाट राहत नाही. आतली माती लोण्यासारखी मऊ झाली तरी बाहेरून भिंत धडधाकट दिसते. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच बरा. तिचं खरं रक्षण वरच्या पाख्याने आणि खालच्या जोत्याने होतं. पाखं दोन फूट तरी बाहेर काढा, पागोळ्यांचं पाणी पन्हाळीतून लांब न्या, जोतं चिऱ्यात बांधा.

एक भिंत नवी चिऱ्याची आणि तिला लागून जुनी मातीची असेल तर दोन्ही एकमेकींत गुंफू नका. दोन्ही वेगवेगळ्या बसतात आणि सांध्यात तडा पडतो. आणि जुन्या मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकायचा विचारही मनात आणू नका, कितीही ओळखीचा ठेकेदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी.

जुनी कौलं टाकून देऊ नका. खानापूरची जुनी कौलं वाजवून बघितली तर खणखणीत आवाज येतो, ती अजून कितीतरी पावसाळे काढतील. बद्द वाजतं ते बाजूला काढा. आमच्या नव्या सोप्यावर निम्मी कौलं जुनीच आहेत, आजीनेच एकेक वाजवून निवडली.

माजघराची भिंत मात्र आम्ही पाडली नाही. तिच्यावर देवळीच्या खाली पेन्सिलच्या तीन रेघा आहेत, तीन पावसाळ्यांच्या तारखांच्या. तडा अजून पहिल्या रेघेपाशीच थांबलेला आहे. दर मिरगाला आई खडूने नाही, पेन्सिलनेच नवी तारीख लिहिते, कारण खडू ओलीने पुसून जातो.